धोबीपछाड : पेलणे आणि पाडणे

मराठीत एखादा वाङ्मयीन वाद रंगू लागला की लिहिणाऱ्याच्या लेखणीला नकळत आखाड्याचा वास येऊ लागतो. कोणी शड्डू ठोकून उभा राहतो, कोणी कोणाला आस्मान दाखवतो, कोणाच्या पाठीला अद्याप माती लागलेली नसते. आणि दोन मान्यवरांचे एकमत वाजवीपेक्षा लवकर झाले तर ती ‘नुरा कुस्ती’ ठरते. या शब्दसंपत्तीत ‘धोबीपछाड’ हा शब्द आपला विशेष लाडका आहे. निवडणुकीच्या बातमीपासून विद्यापीठीय प्रबंधापर्यंत तो सारख्याच सहजपणे वावरतो. अमक्याने तमक्याच्या भूमिकेला धोबीपछाड दिला असे आपण लिहितो आणि वाचणाऱ्यालाही ते खटकत नाही. परंतु हा डाव प्रत्यक्षात कसा लागतो असे विचारले, तर ‘जोरात आपटणे’ यापलीकडे बहुतेकांना काही सांगता येत नाही. रूपक मृत होते ते अशाच रीतीने. त्यातील उपमेय टिकून राहते, उपमान मात्र अनुभवातून निसटून जाते. या लेखात हे एक मृत रूपक जागे करून पाहण्याचा विचार आहे. कारण या डावाच्या रचनेत समीक्षाव्यवहाराविषयीचे एक शहाणपण आहे आणि आपण शब्द उचलताना ते मागे ठेवले, असे मला वाटते.

प्रथम शब्दाकडे पाहू. मराठीत कपडे धुणाऱ्याला परीट म्हणतात. ‘धोबी’ हा शब्द आपल्याकडे हिंदीच्या वाटेने आला आणि डावाचे नावही बहुधा त्याच वाटेने आले असावे. ‘पछाडणे’ मात्र मराठीत चांगले रुळले आहे, आणि त्याला एक गडद छटाही आहे. भुताने पछाडलेला माणूस आपल्या कथा-कादंबऱ्यांत जागोजाग भेटतो. डावाच्या नावातील प्रतिमा उघड आहे. नदीकाठच्या दगडावर परीट ओला कपडा खांद्यावरून फिरवून आपटतो, तसा पैलवान प्रतिस्पर्ध्याला खांद्यावरून आणून जमिनीवर टाकतो. कुस्तीच्या परिभाषेत श्रमांची आणि घरगुती वस्तूंची अशी नावे आणखीही आहेत. मोळी आहे, झोळी आहे, कैची आहे. सरपण बांधणाऱ्याची, भिक्षा मागणाऱ्याची, कापड कातरणाऱ्याची ही सृष्टी आहे. राजाश्रयाने वाढलेल्या या विद्येने आपले शब्द कष्टकऱ्यांच्या हातांकडून घेतले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

पण रूपकाने येथे एक उलटापालटही केली आहे. परीट कपडा आपटतो तो त्यातली माती निघावी म्हणून. पैलवान माणसाला आपटतो तो त्याच्या पाठीला माती लागावी म्हणून. परटाचे आणि कपड्याचे वैर नसते, किंबहुना कपडा फाटू न देता आपटणे हेच त्याचे कौशल्य. समीक्षक जेव्हा धोबीपछाड देतो, तेव्हा तो यांपैकी काय करीत असतो, हा प्रश्न मी येथे नुसता नोंदवून ठेवतो.

आता डावाकडे वळतो. पारनेर तालुक्यातील आमच्या गावच्या तालमीत मी दोन-तीन हिवाळे काढले. माझी प्रकृती या विद्येला साजेशी नव्हती, त्यामुळे कुस्त्या मारण्यापेक्षा हौद्याच्या काठावर बसून पाहण्यातच माझा अधिक वेळ गेला. तेथील वस्ताद धोबीपछाड समजावून देत तो असा : समोरच्याचा एक हात आपल्या दोन्ही हातांत पक्का धरायचा, एका पावलात वळून त्याच्याकडे पाठ करायची, गुडघ्यांत बसून आपली कंबर त्याच्या कमरेच्या खाली न्यायची, त्याचा हात आपल्या खांद्यावरून पुढे ओढून त्याचे सगळे वजन पाठीवर घ्यायचे, मग गुडघे ताठ करीत, कमरेतून वाकत त्याला आपल्यापुढे उताणे टाकायचे. जूडोतील ‘सेओइ नागे’ हा फेक या डावाचा जवळचा भाऊ म्हणता येईल.

पाहणाऱ्याला यातील शेवटचा क्षण तेवढा दिसतो. शिकणाऱ्याला मात्र आधीच्या तीन गोष्टी शिकाव्या लागतात. पहिली अशी की या डावात आपण समोरच्याला आपली पाठ देतो. कुस्तीत पाठीमागे गेलेला मल्ल वरचढ समजला जातो. म्हणजे डाव साधला नाही तर आपण होऊन आपली सर्वांत दुबळी बाजू त्याच्या स्वाधीन केलेली असते. दुसरी अशी की त्याच्याहून खाली गेल्याशिवाय त्याला उचलता येत नाही. ताठ उभ्या मल्लाला हा डाव लागत नाही. तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की क्षणभर का होईना, प्रतिस्पर्ध्याचे संपूर्ण वजन आपल्या पाठीवर असते. अर्धे वजन घेतले तर तो घसरून बाजूला पडतो, किंवा आपल्याच मानेवर येतो. पाडण्याच्या आधी पेलणे येते.

फेकीच्या डावांचे एक छोटेसे व्याकरणच या कसोटीवर मांडता येईल. टांग या डावात, मग ती आतली असो वा बाहेरची, समोरच्याचा पाय अडवून त्याचा तोल काढला जातो. त्याला पुरता उचलावे लागत नाही, त्याचे वजन त्याच्याच विरुद्ध वापरले जाते. ढाक लावताना मान आणि हात कवेत घेऊन त्याला कमरेवरून फिरवतात. भार येतो, पण वाटून येतो. कलाजंगात समोरच्याच्या बगलेखाली शिरून, एक हात त्याच्या मांड्यांमध्ये घालून त्याला दोन्ही खांद्यांवर आडवे घेतात, मेंढपाळ कोकरू घेतो तसे. खाली बसलेल्याला कमरेत धरून मुळासकट उपटणारा उखाड तर निव्वळ उचलण्याचाच डाव होय. प्रतिस्पर्ध्याचा भार किती आणि कोठे घ्यायचा, या एका तत्त्वाने हे डाव एकमेकांपासून वेगळे होतात. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत बोलायचे तर ही भेदांची व्यवस्था आहे, आणि प्रत्येक डावाला अर्थ मिळतो तो शेजारच्या डावाहून असलेल्या त्याच्या वेगळेपणामुळे. बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांनी संपादिलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’ने, किंवा त्याच्याही कितीतरी आधी बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तील मल्लविनोदाच्या प्रकरणाने, मल्लविद्येला ग्रंथात जागा दिली, ती या विद्येत व्यवस्था पाहूनच.

पण डाव म्हणजे अजून अर्थ नव्हे. माणूस पडला, याचा अर्थ काय झाला? हे ठरविणारी यंत्रणा वेगळी असते आणि ती काळाप्रमाणे बदलते.

नगर जिल्ह्यात (२०२४ साली त्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, बोलण्यात अजून ‘नगर’ आहेच) गावोगावच्या यात्रांमध्ये कुस्त्यांचा हगामा भरतो. चैत्र-वैशाखात याची मोठी धामधूम असते. रात्री तमाशा, सकाळी हजेऱ्या आणि दुपारनंतर हगामा हा यात्रेचा ठरलेला क्रम. आरंभी पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात. मग इनामाचे आकडे चढत जातात. हलगी कडाडत असते. पंच म्हणून फेटे बांधलेली चार जाणती माणसे आखाड्यात फिरतात, जोड लावतात. सलामी देताना मल्ल खालची माती उचलून एकमेकांच्या अंगावर टाकतात. घामाने निसटणाऱ्या अंगाला पकड मिळावी हा त्यातला व्यावहारिक हेतू. म्हणजे आपल्याला धरण्याची सोय आपणच मान्य करून येथे झुंज सुरू होते.

हगाम्यात गुण नसतात. विचारला जातो तो एकच प्रश्न : पाठ लागली की नाही? आणि त्याचे उत्तर पडलेल्याच्या अंगावर लिहिलेले असते. मल्ल उठला आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर, पाठीवर माती दिसली की आखाड्याच्या शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही निकाल वाचता येतो. ‘पाठीला माती लागणे’ हा वाक्प्रचार मुळात अलंकारिक नाहीच, तो साधा पुरावा आहे. चीत म्हणजे उताणा आणि पट म्हणजे पालथा. यांपैकी पालथे पडणे म्हणजे काहीच नव्हे, उताणे पडणे म्हणजे सर्व काही; आणि तरी आपला ‘चीतपट’ हा शब्द दोन्ही पोटात घालून एकाचाच अर्थ सांगतो. निकाल लागेना तर कुस्ती बरोबरीत सोडवतात. पंचांचा निर्णय लोकांना पटला नाही तर लोक आखाड्यात उतरतात. तेव्हा येथे अर्थनिर्णयाचा अधिकार एकट्या पंचाचा नसून पाहणाऱ्या समूहाचा असतो. स्टॅन्ली फिश यांनी ज्याला अर्थ लावणारा समुदाय म्हटले, त्याचे याहून ठसठशीत उदाहरण मला वर्गात देता आलेले नाही.

कुस्ती आणि चिन्हमीमांसा यांचा विषय निघाला की रोलां बार्थ यांचा निबंध आठवणे अपरिहार्य आहे. पॅरिसच्या साध्यासुध्या सभागृहांत चालणाऱ्या व्यावसायिक कुस्तीवरचा हा निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहाच्या आरंभी आला. ही कुस्ती खेळ नसून अतिरेकाचा नाट्यप्रयोग आहे. ती ठरवून केलेली आहे की नाही याच्याशी प्रेक्षकाला कर्तव्य नसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील पडण्याविषयीचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. जूडोत पडलेला मनुष्य जमिनीला लागतो न लागतो तोच वळून निसटू पाहतो. व्यावसायिक कुस्तीत मात्र पडलेला पडूनच राहतो आणि आपली असहायता प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरू देतो, असा भेद त्यांनी केला. एकीकडे पडणे ही घटना, दुसरीकडे पडणे ही खूण.

या खुणेचा जागतिक नमुना म्हणजे ‘बॉडी स्लॅम’. समोरच्याच्या मांड्यांमधून एक हात, खांद्यावरून दुसरा हात, त्याला छातीसमोर आडवे उचलायचे, क्षणभर तसेच धरून प्रेक्षकांना दाखवायचे आणि पाठीवर आपटायचे. पकड कलाजंगाच्या जवळची वाटते. तत्त्व मात्र अगदी निराळे आहे. येथे आपटला जाणारा मल्लच उचलणाऱ्याला साहाय्य करतो. योग्य क्षणी तो उडी घेतो, आपला भार उचलणाऱ्याच्या हाती सोपवतो, पडताना हनुवटी छातीशी घेतो आणि पसरलेल्या हातांनी फळ्यांवर आघात करून आवाज वाढवतो. पुढे या डावाला पॉवरस्लॅम, चोकस्लॅम अशी अनेक भावंडे झाली. पण पडणाऱ्याची संमती हा सर्वांचा समान पाया राहिला. २९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेतील पॉन्टिॲक येथे हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटले, तो या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध क्षण. तो अजस्र देह उचलला गेला याचे लोकांना नवल वाटले. त्या देहाने स्वतःला उचलू दिले, हे त्या नवलाच्या आड राहिले.

आपल्याकडे हा प्रकार नवा नव्हता. मुंबईच्या वरळीतील वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या कुस्त्यांना लोटलेली गर्दी हा जुन्या पिढीच्या आठवणींचा भाग आहे. नव्वदच्या दशकात केबलच्या तारेवरून डब्ल्यू.डब्ल्यू.एफ. नगरच्या गल्ल्यांत शिरले, आणि पैलवानांची उंची, वजन व दंडाचे माप छापलेले पत्ते पोरांच्या हाती आले. आमच्याच गावची तालमीत जाणारी पोरे संध्याकाळी दूरदर्शन संचासमोर बसून ते पाहत. ते खरे आहे का, असे मी त्यांना विचारीत असे. ती हसत. आपल्याला जे ठाऊक आहे ते ठाऊक असूनही रंगून पाहणे त्यांना जमत होते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ज्यासाठी ‘अविश्वासाचे स्थगन’ हा जड शब्द लागतो, ते त्यांना आपसूक साधले होते. त्या पोरांना एक भेद पक्का ठाऊक होता : स्लॅममध्ये समोरचा माणूस हलका झालेला असतो, हौद्यात तो हलका होत नाही.

माती आणि दूरदर्शन यांच्यामध्ये तिसरी भूमी आहे ती गादीची. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरले आणि सहावे आले; १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. मातीत वाढलेल्या विद्येचे गादीच्या भाषेत झालेले हे पहिले यशस्वी भाषांतर म्हणता येईल. पण गादीवर पाठीला काही लागत नाही. तेथे खूण उरत नाही, म्हणून ती नोंदवावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनी फेकीची प्रतवारी केली आहे : नुसते खाली आणण्याला २ गुण, उभ्याने फेकून थेट धोक्याच्या स्थितीत टाकण्याला ४ आणि उंच कमानीतून तसे टाकले तर ५. पूर्वी एकच प्रश्न होता, आता अनेक झाले. किती उंच? कितीसा उताणा? किती क्षण? आणि प्रश्न वाढले तसे वाचनही वादग्रस्त झाले.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेची रचना या दृष्टीने बोलकी आहे. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. अलीकडे या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोहोंतील विजेते अंतिम लढतीत भेटतात आणि ती लढत गादीवर होते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या निर्णायक कुस्तीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग मारली. त्या डावाला ४ गुण दिले गेले आणि सिकंदर खरोखर धोक्याच्या स्थितीत गेला होता का, यावर महाराष्ट्रभर वाद झाला. लोकांनी चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही स्पर्धा अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर झाली. गादी विभागाच्या लढतीत पंचांनी शिवराज राक्षे चीत झाल्याचा निर्णय पृथ्वीराज मोहोळच्या बाजूने दिला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे. प्रकरण पंचांच्या अंगावर जाण्यापर्यंत गेले. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड गुणांवरून नाराज होऊन मैदान सोडून गेला, मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

माती सत्य बोलते आणि गादी खोटे, असा सोपा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. २०२३ चा वाद मातीतलाच होता. माती होती, पण विचारलेला प्रश्न गुणांचा होता आणि त्या प्रश्नाचे उत्तर पाठीवर उमटत नाही. पुरावा आणि प्रश्न यांचे नाते तुटले की माती असूनही निकाल वाचता येत नाही. शिवाय आखाड्याच्या त्या जाणत्या समूहात कोण होते, हेही विचारायला हवे. माझ्या लहानपणी हगाम्याच्या रिंगणात बाईमाणूस नसे. श्रीगोंदे तालुक्याची भाग्यश्री फंड २०२५ साली महिला महाराष्ट्र केसरी झाली; तिच्या पिढीतील मुलींना या विद्येचा दरवाजा मोठ्या प्रमाणावर उघडला तो गादीने आणि तिच्या लिखित नियमांनी. अर्थ लावणारा समुदाय एकजीव असतो तेव्हा तो अनेकदा कोणाला तरी बाहेर ठेवूनच एकजीव झालेला असतो. मातीचा गहिवर मला आहे, पण त्यावर सिद्धान्त उभारण्याची माझी तयारी नाही.

तेव्हा माझा मुद्दा भूमीचा नाही, भाराचा आहे. माती आणि गादी यांच्यात कितीही अंतर असले तरी दोन्हीकडे समोरचा माणूस आपला पुरा भार घेऊन उभा असतो आणि पाडणाऱ्याला तो पेलावा लागतो. समीक्षेत आपण धोबीपछाड म्हणतो, पण पुष्कळदा करतो तो बॉडी स्लॅम. आपल्या सोयीने हलका केलेला, आपल्या इशाऱ्यासरशी उडी घेणारा प्रतिपक्ष आपण उभा करतो, त्याला उचलून सभागृहाला दाखवतो आणि आपटतो. आवाज मोठा होतो.

याचे उदाहरण याच जिल्ह्यातून देता येईल. ना. सी. फडके यांचा जन्म कर्जतचा, १८९४ सालचा. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत फडके हा पडण्यासाठीच नेमलेला मल्ल आहे. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ या वादाची जी टिपणे पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरतात, त्यांत एका बाजूला फडके आणि दुसऱ्या बाजूला खांडेकर उभे केलेले असतात. दोन ओळींत फडके पडतात, पुढच्या दोन ओळींत खांडेकरही पडतात आणि टिपणकार विजयी मुद्रेने नवसाहित्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वी एका तोंडी परीक्षेत एका हुशार विद्यार्थ्याने फडक्यांना ‘रंजनवादी’ या एका शब्दात निकालात काढले. ‘प्रतिभासाधन’ वाचले आहे का, असे मी विचारले. त्याने ते पाहिलेही नव्हते. दोष त्या मुलाचा फारसा नव्हता. त्याला त्याच्या शिक्षकांनी, म्हणजे आमच्याच पिढीने, हलके झालेले फडके दिले होते.

‘प्रतिभासाधन’ हे पुस्तक वाचल्यावर फडके मान्य होतात असे मला म्हणायचे नाही. मला ते मान्य नाहीत. पण कथा-कादंबरी ही रचावी लागते, तिचे तंत्र शिकता आणि शिकवता येते, हा आग्रह त्यांनी ज्या काळात धरला त्या काळात त्याचा भार केवढा होता, हे पाठीवर घेतल्याशिवाय कळत नाही. प्रेरणा आणि प्रतिभा यांच्या धूसर बोलण्याला दिलेले ते उत्तर होते. तो भार घेतला म्हणजे लक्षात येते की पुढे आपल्याकडे संरचनावाद्यांनी कथनाच्या घटकांची जी चर्चा केली, तिच्याशी हा माणूस निदान बोलण्याच्या अंतरावर आहे. मग त्याला पाडायचे तर कोठे वाकायचे, कोणता हात धरायचा, हेही नेमके कळते : तंत्राचा विचार करताना त्यांनी वाचकाला केवळ रिझवून घेणारा मानले, तेथे त्यांचा तोल आहे. असा डाव लागला तर तो फडक्यांना लागेल. फडक्यांच्या टिपणाला नव्हे.

यात धोका आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या मताखाली शिरायचे म्हणजे त्याच्याहून खाली जायचे. त्याच्या परिभाषेत काही काळ राहायचे. आपल्या भूमिकेची उघडी पाठ त्याला द्यायची. या काळात आपणच पडण्याची शक्यता असते, आणि कधीकधी पडणे योग्यही असते. हा धोका नको असणाऱ्यांचा एक मार्ग कुस्तीच्या इतिहासात नोंदलेला आहे. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गामासमोर पोलंडचा झ्बिस्को सुमारे अडीच तास बहुतांश काळ पालथा पडून राहिला आणि त्या दिवशी कुस्ती निकाली होऊ शकली नाही. जो उभाच राहत नाही त्याला कोणताही डाव लागत नाही. आपल्या चर्चासत्रांतही असे पालथे निबंध असतात. सर्व सिद्धान्तांची नावे घेणारे, कोणत्याही एकावर उभे न राहणारे. १९२८ साली पतियाळात झ्बिस्को उभा राहिला तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. पराभव असला तरी ती कुस्ती होती.

परटाचा जो प्रश्न मागे ठेवला होता त्याचे उत्तर आता देता येईल. समीक्षेतील आपटणे हे परटाच्या आपटण्याशी नाते सांगणारे असावे, असे मला वाटते. त्यात जोर हवा, दगडही हवा. पण कपडा पुरा भिजून जड झालेला हवा आणि आपटून झाल्यावर तो कोणाला तरी पुन्हा अंगात घालता आला पाहिजे.

जानेवारी २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके हे दोघेही काका पवारांच्या तालमीतले. सदगीर ३-२ असा जिंकला. निकाल लागल्यावर त्याने शेळकेला उचलून खांद्यावर घेतले आणि मैदानात फिरवले. उचलण्याचे शिक्षण त्याला अनेक वर्षे मिळाले होते ते टाकण्यासाठी. येथे त्याने फक्त उचलले आणि नंतर खाली ठेवले. कुस्तीच्या परिभाषेत या कृतीला नाव नाही. गुणपत्रिकेत तिला रकाना नाही. पुढच्या वर्षी पदव्युत्तर वर्गाला ‘प्रतिभासाधन’ पूर्ण वाचायला लावायचे आणि पहिले दोन महिने त्यावर एकही आक्षेप घ्यायचा नाही, असे मी ठरविले आहे. त्यानंतर ज्याला डाव टाकायचा असेल त्याने खुशाल टाकावा.